गळाला बांधलेला बूट

"पुढच्या वर्षी येऊ तेव्हा गॅलरीची खोली मागू," असं वोबे म्हणाला आणि पपईच्या फोडीवर लिंबू पिळत राहिला. लिंबात थेंब उरला नव्हता तरी पिळत राहिला. सहलीतल्या होई आनच्या त्या हॉटेलात नाश्त्याच्या टेबलांवर वाडग्यांतून कमळं सोडलेली असायची आणि दर दोन टेबलांमागे एक पोरगी हसत उभी. इतकं हसणं मला पहिल्या कॉफीच्या आधी सोसत नाही. माझ्या हातात ब्रेडचा तुकडा होता, त्यावर घरून आणलेलं चीज, घरून आणलेल्या सुरीनं कापलेलं, तो मी परत ताटलीत ठेवला. पुढच्या वर्षी. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी?" तर म्हणाला, "मग काय! नदी एवढी जवळ आणि आपल्या खिडकीतून दिसतं काय, तर धुण्याच्या चादरी. तू बोलत नाहीस म्हणून ते कसलीही खोली गळ्यात मारतात." मी बोलत नाही! चाळीस वर्षं आमच्या शहरात, लेउवार्डनला, शुक्रवारच्या बाजारात हेरिंग मासे साफ करत ओरडले आहे मी. माझा आवाज चर्चच्या पलीकडे जातो असं लोक म्हणायचे. पण त्या टेबलाशी माझा आवाज खरंच गेला. कारण पुढचं वर्ष वोबेनं स्वतःच्या हातानं खोडून टाकलेलं होतं, आणि ते खोडल्याचं तो विसरला होता.

खोडलं ते आमच्या स्वयंपाकघरात, कॉफी आणि एकेक बिस्कीट समोर ठेवून, डॉक्टर फेन्स्त्राबाईंच्या देखत. "सहलीहून आलो की त्याच आठवड्यात," तो म्हणाला होता, "मंगळवारी. मंगळवारी पुलावर गर्दी नसते." कालव्यावरचा पूल उघडायची त्याची नोकरी सुटून तेव्हा बरेच दिवस झाले होते. फेन्स्त्राबाईंनी डायरीत मंगळवार लिहिला. आमच्याकडे असंच. सख्ख्या बहिणीकडे कॉफीला जायचं तरी महिनाभर आधी दिवस ठरतो, आणि एकदा ठरला की अंगात ताप असला तरी जायचं, कारण ठरलंय. न ठरवता दारात उभा राहणारा माणूस म्हणजे एक तर पोलीस, नाही तर देवाची पुस्तकं विकणारा. मरणानंही असं आगंतुकासारखं येऊ नये म्हणून आम्ही त्याचीही वेळ, कायद्यानं, डॉक्टरांकडून घेऊन ठेवतो. शेजारची हिल्त्ये त्या आठवड्यात केक घेऊन आली आणि माझा हात धरून म्हणाली, "किती धीराचा गं तुझा नवरा! किती सुंदर ठरवलंय त्यानं!" मी मनात म्हटलं, जा, घेऊन जा तो धीर तुझ्या घरी, आणि हा केकही घेऊन जा. तोंडानं म्हटलं, साखर कमी हवी होती.

वोबेचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याच्या आईचं मी पाहिलंय. हाच रोग, डोक्यातून एकेक सामान काढून नेणारा. पहिल्यांदा नावं गेली, मग चमचा कसा धरायचा ते गेलं, मग लाज गेली. वृद्धाश्रमाच्या खिडकीशी तिला खुर्चीला पट्ट्यानं बांधून बसवायचे, आणि दर रविवारी वोबे दारात दिसला की ती किंचाळायची: "चोर! चोर आला! माझी भांडी नेणारा हाच!" सात उन्हाळे. सात उन्हाळे हा माणूस दर रविवारी स्वच्छ शर्ट घालून, दाढी करून, सायकलवर जाऊन चोर म्हणवून घेऊन यायचा. परत आला की बूट काढत म्हणायचा, "आज रंग चांगला होता तिचा." म्हणून स्वतःच्या डोक्याचा फोटो डॉक्टरांनी दाखवला तेव्हा तो रडला नाही, घाबरला नाही, घरी येऊन मला समोर बसवलं. म्हणाला, "यिक्के, मला ती खुर्ची नको. मी त्याआधी जाणार. पण गंमत अशी आहे की वेळ होईल तेव्हा मला ठाऊकच नसेल वेळ झाली म्हणून. तेव्हा तू सांगायचं. मी विसरलो तर आठवण द्यायची. रडायचं नाही, लाडीगोडी नाही. शब्द दे." मी हात पुसून शब्द दिला. मासळी विकणाऱ्या बाईचा शब्द. बाजारात त्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

आणि फेन्स्त्राबाई म्हणाल्या होत्या, सह्या केलेले कागद माझ्याजवळ आहेत, पण मी कागदाला इंजेक्शन देत नाही. त्या दिवशी वोबेंनी स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं, काय आणि का, ते समजून. "फार लवकर आहे असं वाटेल तेव्हाच वेळ झालेली असते, बाई. आता बरोबर वेळ आली असं वाटेल तेव्हा उशीर झालेला असतो." शहाणी बाई. भली बाई. तिच्या तोंडावर कप फेकावा असं मला वाटलं होतं.

सहल वोबेनंच आखली, डोकं अजून बऱ्यापैकी जागेवर होतं तेव्हा. बँकॉक, होई आन, मग परत. विमानं, हॉटेलं, सगळं त्याचं त्यानं शोधलं. "आयुष्यभर पूल उघडून दुसऱ्यांना जाऊ दिलं," तो म्हणायचा, "आता एकदा मी जातो, तू बघ." तो पूलवाला होता. शहरातल्या कालव्यावरचा जुना उचलता पूल. वाहनं थांबवायची, पूल वर घ्यायचा, खालून होड्या सोडायच्या, आणि होडी पुलाखाली आली की मासे धरायच्या गळाला बांधलेला लाकडी बूट वरून तिच्यापुढं सोडायचा. होडीवाला बुटात पुलाचे पैसे टाकतो, पूलवाला टोपीला हात लावतो. शंभर वर्षं असंच चाललेलं. त्या बुटावर वोबेनं पिवळा रंग दिला होता आणि दर वसंतात तो नव्यानं द्यायचा. पुढं नगरपालिकेनं बरेच पूल कुठल्याशा खोलीतून कॅमेऱ्यावर चालवायला घेतले, पण वोबेचा पूल ठेवला, पाहुण्यांना फोटो काढायला बरा म्हणून. आणि मग एका दुपारी बाजारात माझ्या ठेल्यावर एक पोरगा धावत आला, मावशी, तुमच्या नवऱ्याला काही झालंय का बघा. मी एप्रनसकट गेले. पूल हवेत उभा. दोन्हीकडे गाड्यांची रांग, भोंग्यांचा नुसता कल्लोळ, कालव्यात एक होडी नाही. आणि वोबे आपल्या केबिनीत डबा उघडून शांतपणे ब्रेड खात होता. मला म्हणाला, "बरं झालं आलीस. हे लोक कशाला ओरडतायत गं?"

पपई संपवून तो तोंड पुसत होता आणि मी विचार करत होते की आता, या क्षणी, सांगावं. बँकॉकला सांगितलं होतं की. तिथलं हॉटेल फार उंच. खाली नदी म्हणजे कुणी टाकून दिलेला दोरा. तिथं दुपारी, त्याचा हात हातात घेऊन, मी नीट सांगितलं: तुझा रोग, तुझी आई, तुझं म्हणणं, मंगळवार. त्यानं सगळं ऐकलं. मग असा रडला, असा रडला की मी त्याला कधी तसा पाहिला नव्हता, आईच्या प्रेताशीही नाही. शेवटी नाक शिंकरून म्हणाला, "असं मी म्हटलं होतं? मग बरोबरच आहे. माझंच बोलणं आहे ते. तू ठाम राहा." मला वाटलं, झालं, एवढं अवघड होतं ते झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे सुजलेले डोळे बघून त्यानं विचारलं, "कोण गेलं?" म्हणजे ते एकदा सांगायचं नव्हतंच. ते रोज सांगायचं होतं. रोज सकाळी त्याला दाढी करू द्यायची, कॉफी पिऊ द्यायची आणि मग कोऱ्या पाटीसारख्या माणसाला पहिल्यांदा सांगावं तसं सांगायचं की तू मरणार आहेस आणि ते तूच ठरवलंयस. फाशीच्या कैद्यालाही निकाल एकदाच वाचून दाखवतात. शब्द घेताना हे त्याला सुचलं नव्हतं, देताना मला नाही.

नाश्त्यानंतर तो पोहण्याच्या तलावाशी खुर्ची धरून बसला आणि मी आमच्या मुलीला, नीन्केला, फोन लावला. तिकडे पहाट होती. ती जागीच असते हल्ली. "सांगितलंस का?" हेच पहिलं. कशी आहेस नाही, ऊन आहे का नाही.

"बँकॉकला सांगितलं."

"ते विसरले ना पण! आई, फेन्स्त्राबाईंनी काल मला विचारलं. बाबांना स्वतःला म्हणता यायला हवं. तू रोज सांगितलंस तर बसेल त्यांच्या डोक्यात."

"पोपट आहे का तो? रोज घोकून घेऊ?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतेस. ये, तू घे घोकून. विमान मिळेल तुला."

"शब्द तू दिलायस," नीन्के म्हणाली. मग हळूच, "आई, एक बोलू? तू त्यांना ठेवून घेतेयस. स्वतःसाठी. आजीला बघायला मीही यायचे गं बाबांबरोबर. सायकलवर मागं बसून. घरी येताना ते रस्ताभर शीळ वाजवायचे, मला रडणं ऐकू येऊ नये म्हणून."

शीळ मला ठाऊक नव्हती. लग्नाला एवढी वर्षं झाली आणि हे मला मुलीकडून कळावं, तेही परक्या मुलखातल्या हॉटेलात, टॉवेलांच्या ढिगाआड उभं राहून. मी फोन बंद केला. रागानं तो पर्समध्ये कोंबला. राग कुणावर ते मला सांगता आलं नसतं. तलावाशी गेले तर खुर्ची रिकामी. वोबेचा चष्मा, वोबेचं पुस्तक, कित्येक दिवसांचं तेच पान उघडं, आणि एकच चप्पल.

पाणी बघितलं पहिल्यांदा. निळं, सपाट, त्यात कुणी नाही. आणि त्या क्षणात, मी खरं तेच सांगते, आत कुठंतरी एक बाई म्हणाली, पाण्यात असता तर सुटलो असतो. मग मी धावले. बागेतून, स्वयंपाकघराच्या मागून, भाज्यांच्या टोपल्या ओलांडत. हॉटेलच्या मागं नदीचा फाटा होता आणि त्यावर पायी जायचा एक छोटा लाकडी पूल, मधे कमान असलेला. पुलावर माणसं जमली होती, हसत होती. मधोमध वोबे उभा होता. हातात माळ्याकडची बांबूची काठी, काठीला अंघोळीच्या पांढऱ्या झग्याचा पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला त्याची दुसरी चप्पल. ती त्यानं अलगद, मनगट न हलवता, पाण्यावर हातभर अंतर ठेवून सोडलेली होती. असा ताठ उभा होता की मला आमच्या लग्नाच्या आधीचा वोबे दिसला. मी बाजारातून घरी जाताना मुद्दाम त्याच्या पुलावरून जायची आणि तो मुद्दाम पूल वर घ्यायचा, मला थांबावं लागावं म्हणून.

खालून एक होडी आली. शंकूसारखी टोपी घातलेली बाई, माझ्याच वयाची असेल, पुढ्यात फळांच्या जुड्या. चप्पल तोंडासमोर आली तशी तिनं वल्हं थांबवलं, वर पाहिलं. वोबेनं तिला दोन बोटांनी खूण केली, पुढं या, पुढं या, वाट मोकळी आहे. ती आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली, बहुतेक वेडा दिसतो बाई हा, आणि दात नसलेलं तोंड उघडून हसली. मग जुडीतून लिचीसारख्या फळांचा एक झुबका तोडून तिनं चपलेत ठेवला. वोबेनं नसलेल्या टोपीला हात लावला. "सुखरूप जा," तो आमच्या बोलीत म्हणाला. तीही काही म्हणाली. त्या दोघांचं सगळं व्यवस्थित झालं. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

माझ्या शेजारी एक लाल पडलेला गोरा माणूस फोन वर धरून सगळं टिपत होता आणि खिदळत होता. मी त्याचा हात खाली दाबला. "काय काढतोस रे? तुझा बाप आहे का तो?" रागात मी आमच्या बोलीतच ओरडले, आणि नेमका तो आमच्याकडचा निघाला. "माफ करा हं मावशी," पुटपुटला, "मला वाटलं काही खेळ चाललाय."

"यिक्के!" वोबेनं मला पाहिलं. "बघ, आज एकानंही हुज्जत घातली नाही. नाही तर आपल्याकडचे ते जर्मन, पैसे कशाचे म्हणून पाचदा विचारणार. इथली माणसं चांगली आहेत. पूल मात्र डुगडुगतोय, कळवायला हवं वरती." फळांचा झुबका त्यानं माझ्या हातात दिला. चपलेचा चामड्याचा वास लागला होता त्यांना. मी काठी धरली, तो चप्पल सोडवत बसला, आणि त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघताना मला अख्खी गोष्ट उलटी दिसली. ज्यानं माझ्याकडून शब्द घेतला तो माणूस आधीच गेला होता. तो हुशार, कडक, आईला खुर्चीत बघितलेला वोबे. कधी गेला ते मला कळलं नाही, मी त्याला रडलेही नाही. आणि त्याला दिलेला शब्द मी आता या दुसऱ्याच्या मानेवर ठेवणार होते, जो रोग जाणत नव्हता, आईची ती खुर्ची जाणत नव्हता, ज्याला फक्त पूल डुगडुगतोय याची काळजी होती. एका माणसाचा शब्द पाळायला दुसऱ्याचा जीव. कुणी कायदा लिहिणाऱ्याला उभं करा या पुलावर, म्हणावं, दाखव यातला कुठला खरा.

पण हे म्हणताना मला हेही ठाऊक होतं की हा दुसराही राहणार नाही. याच्या मागं तिसरा उभा आहे, त्याच्या मागं चौथा, आणि सगळ्यांच्या शेवटी खिडकीशी ती खुर्ची.

होई आनजवळच्या दा नांगहून परतीच्या विमानात बसलो तेव्हा लख्ख दुपार होती. वोबेला खिडकी दिली. जेवणाच्या ताटातला चीजचा चौकोन त्यानं हुंगला आणि म्हणाला, "याला चीज म्हणतात? याच्यावर खटला भरायला पाहिजे." पुढच्या सीटवरची बाई हसली. खाली समुद्र होता, त्यावर होड्या मोहरीसारख्या सांडलेल्या. "कुठं पूलच नाही," तो कपाळ काचेला लावून म्हणाला, "किती मोकळे जातायत बघ." मी पाणी प्यायले. आता नाही सांगितलं तर घरी गर्दी होईल, नीन्के येईल, फेन्स्त्राबाई येतील, मला तो एकटा मिळणार नाही. पण "तू" म्हणायला जीभ वळेना.

"वोबे," मी म्हटलं, "एक माणूस आहे. त्याला तुझ्या आईचा रोग झालाय."

"अरेरे."

"त्यानं डॉक्टरांना सांगून ठेवलंय, मला रोग वाढायच्या आधी जायचंय. दिवस ठरलाय. आणि बायकोकडून शब्द घेतलाय, मी विसरलो तर आठवण दे."

वोबे काचेपासून वळला. त्याच्या कपाळाला काचेचा गोल ओला डाग पडला होता. "मग? विसरला तो?"

"विसरला."

तो बराच वेळ ताटातली सुरी सरळ करत राहिला. "बिचारी," म्हणाला.

"कोण बिचारी?"

"बायको. त्याला काय, तो विसरला. तिला रोज उठून सांगावं लागत असेल." मग, "तू ओळखतेस तिला?"

"तोंडओळख आहे."

"मग सांग तिला. शब्द दिलाय ना? मग पाळायचा. पूल एकदा वर घ्यायला लागलो की मधे सोडता येत नाही, यिक्के. अर्धा उचललेला पूल फार वाईट. ना गाडीच्या कामाचा, ना होडीच्या." आवाज त्याचाच होता. जुना. काही क्षण तो गेलेला माणूस परत येऊन माझ्या शेजारी, पट्टा बांधून बसला होता, आणि मी त्याच्याकडे बघत होते. "कुठला दिवस ठरलाय?" त्यानं विचारलं.

"मंगळवार."

"मंगळवार बरा. मंगळवारी पुलावर गर्दी नसते."

फेन्स्त्राबाईंना हवं होतं ते हेच. त्यानं म्हटलं होतं, स्वतःच्या तोंडानं, काय आणि का, समजून. फक्त कुणाबद्दल ते सोडून. मला आता एवढंच करायचं होतं: त्याच्या छातीवर बोट ठेवून म्हणायचं, तो माणूस तू. इतक्या जवळ तो नंतर कधी येणार नव्हता. मी हात उचललाही. बोट त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी गेलं, आणि तिथं ब्रेडचा चुरा पडला होता तो मी झटकला.

मंगळवारी दार मी उघडणार, आणि दारातच फेन्स्त्राबाईंना सांगणार की परत जा. नीन्के बोलणार नाही माझ्याशी. ती म्हणेल ते बरोबर असेल. मी त्याला ठेवून घेतलं, स्वतःसाठी, हेरिंग चोरावी तसं, त्याच्याच हातातून. मग उन्हाळ्यामागून उन्हाळे जातील, आणि एका रविवारी मी स्वच्छ ब्लाउज घालून दारात उभी राहीन आणि खिडकीशी बांधलेला वोबे मला बघून किंचाळेल, चोर! आई किंचाळायची ते खोटं होतं. तो किंचाळेल ते खरं असेल. मी आत जाऊन बसेन.

वोबे माझ्या पर्समधून त्या फळांचा झुबका काढून सोलत बसला होता. एक सोललेलं, पांढरं, ओलं फळ त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं. "चांगली आहेत," म्हणाला, "कुठं घेतलीस?"

"तुला दिली एकीनं."

"हो? मला?" तो खूश झाला. "मग पुढच्या वर्षी तिलाच शोधू. आणि गॅलरीची खोली मागू."

फळाला अजून चामड्याचा वास होता. मी ते तोंडात टाकलं, बी थुंकून रुमालात बांधली आणि म्हटलं, "मागू. या खेपेला मी बोलेन त्यांच्याशी."